लाईट किती वेळा जाते?

मी नेमकं काय काम करते, हे मला आजवर कुणालाही धडपणे सांगता आलेलं नाही. कार्डावर छापलंय, 'संशोधन प्रमुख, हवामान आणि न्याय्य ऊर्जा धोरण'. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सगळं म्हणून दाखवलं, की समोरचा "अरे वा!" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो. माझे वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. त्यांच्या लेखी काम म्हणजे हाताला ग्रीस लागतं ते. "तू ऊन मोजतेस आणि त्याचे तुला पैसे देतात, बरोबर ना?" असं ते अजूनही विचारतात. मी म्हणते, "ऊन नाही हो दादा, वीज कुणाला मिळते आणि कुणाला नाही, ते बघते मी." त्यावर ते म्हणतात, "मग आधी माझं बिल बघ."

मी हसण्यावारी नेते. पण एका क्रियापदावरून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, आणि येऊ द्यायची माझी इच्छाही नाही. क्रियापद अगदी साधं आहे, पहिलीतल्या पोराला येतं. जाणे.

झालं असं, की डोंगरातल्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्याचे पंप उन्हावर चालवायची एक योजना आली. पैसा सगळ्या पाड्यांना पुरणार नव्हता, म्हणून जिथे विजेचे सगळ्यात जास्त हाल आहेत तिथे पहिल्या टप्प्यात पंप द्यायचे ठरले. हाल कुठे जास्त, हे शोधायचं काम आमच्याकडे. आमचं ऑफिस गंगापूर रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून तुपाचा वास येतो आणि आम्ही वर बसून गरिबीवर लिहितो. असो.

प्रश्नावली मात्र आमची नव्हती. ती दिल्लीहून आली. तिथल्या समितीने इंग्रजीत लिहिली आणि कुणीतरी एसीत बसून तिचं मराठी केलं. मी म्हटलं, मला एकदा ही एखाद्या पाड्यावर नेऊन विचारून बघू द्या, माणसं काय ऐकतात ते कळेल. समितीचे सल्लागार मूळचे आपल्याकडचेच, पण दिल्लीत इतकी वर्षं काढली की मराठी बोलताना मध्येच चष्मा काढून शब्द आठवतात. ते फोनवर म्हणाले, "मॅडम, सगळीकडे एकच प्रश्न हवा, नाहीतर तुलना कशी करणार? स्वल्पविरामसुद्धा हलवू नका." वर म्हणाले, "न्याय्य ऊर्जा संक्रमणाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे." संक्रमण! आमच्याकडे कुणावर संक्रांत आली म्हणतात तेव्हा तिळगूळ वाटत नाहीत, हे साहेब विसरले होते.

तर त्या प्रश्नावलीतला मुख्य प्रश्न होता, 'दिवसातून किती वेळा लाईट जाते?' जितक्या जास्त वेळा जाते तितके हाल जास्त. सोपा हिशोब.

सुरगाण्याकडच्या त्या पाड्यावर मी आमच्या सर्वेक्षणाच्या मुलींबरोबर स्वतः गेले. तालुक्याच्या गावापासून जीप, आणि जीप जिथे हात टेकते तिथून पायी. भात आणि नागली निघाली की इथली धडधाकट माणसं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि त्यांना सांभाळायला एखादी बाई. आम्ही गेलो तेव्हा पाडा असाच अर्धा रिकामा होता.

शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर एक मुलगी बसली होती. मांडीवर गणिताचं पुस्तक उघडं, पण नजर वर, आढ्याला टांगलेल्या बल्बवर. बल्ब बंद होता. मी आल्याचं तिने बघितलं, "बसा मॅडम," म्हणाली आणि पुन्हा वर बघायला लागली. मला आधी वाटलं, पाल वगैरे असेल.

"काय बघतेस गं?"

"लाईट राखतेय."

शेतात पाखरं राखतात, आंब्याला आलेला मोहोर राखतात, हे मला ठाऊक होतं. लाईट राखणं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिच्या चुलतीने बाहेर येऊन सगळं सांगितलं. पाड्याची विहीर खाली ओहोळाच्या काठाला. तिच्यावर विजेची मोटर आहे आणि वर, घरांजवळ, टाकी. लाईट दिवसातून एकदा येते, कधी येईल त्याचा नेम नाही. आली की मोटर चालू करायची, टाकी भरून घ्यायची. हुकली तर हंडे घेऊन ओहोळ उतरायचा आणि चढायचा. आपोआप चालू होणारं बटण पूर्वी लावलं होतं, पण लाईट येते तेव्हा आधी अगदी मरतुकडी येते. त्या कमी दाबावर मोटर चालू झाली आणि जळाली. तेव्हापासून माणूसच बसवायचा. त्यासाठीच हा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब ठेवलाय. तो आधी लाल-पिवळा होतो, तेव्हा थांबायचं. पांढरा झाला की धावायचं.

पूर्वी घरोघरी पाळी होती. आता मोठी माणसं बागांत गेली, म्हाताऱ्यांना धावणं होत नाही, चुलतीच्या कडेवर लेकरू. राहिली ही. नववीत होती. शाळा डोंगराच्या पलीकडच्या गावात. ज्या दिवशी लाईट पहाटेच येऊन जाई त्या दिवशी ती शाळेत, नाहीतर उंबऱ्यावर.

"आणि दहावीला?" मी विचारलं.

"दहावीला हजेरी भरावी लागते. सर म्हणले, नाय भरली तर परीक्षेला बसवणार नाय." मग ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमचा तो उन्हाचा पंप जूनपर्यंत येईल का?"

मी म्हटलं, "त्यासाठीच तर आलोय." खोटं नव्हतं ते. पावसाळ्याआधी पहिल्या टप्प्याचे पंप बसणारच होते, आणि ह्या पाड्यापेक्षा जास्त हाल कुणाचे असतील असं मला वाटेना. मी अगदी निर्धास्त होते.

मग सर्वेक्षणाच्या एका मुलीने टॅब काढला आणि चुलतीला प्रश्न वाचून दाखवला. "दिवसातून किती वेळा लाईट जाते?"

चुलती म्हणाली, "एकदा."

उंबऱ्यावरची मुलगी खुदकन हसली. "आली का जाते. एकदाच येते, तर दोनदा कशी जाईल?"

अगं बाई! मी त्या टॅबवालीला म्हटलं, थांब, खाली लिही, ही बाई 'जाते' म्हणतेय ते वेगळं आहे, इथे लाईट येते तीच मुळी एकदा. ती म्हणाली, "मॅम, लिहायला जागाच नाहीये. फक्त आकडा टाकता येतो." कागदाला निदान समास असतो, त्यात चार अक्षरं खरडता येतात. टॅबला समास नसतो. आकडा गेला, एक.

तेवढ्यात बल्बची तार लाल झाली. ती मुलगी उठून उभी राहिली. पिवळी झाली. पुस्तक खाली ठेवलं तिने, परकर खोचला. बल्ब पांढरा झाला आणि पोरगी जी सुटली! चुलतीने थाळी बडवली, "आऽली! आली गंऽ!" म्हातारी माणसं बादल्या घेऊन टाकीशी जमली, कुणी मोबाइल चार्जिंगला लावला. खालून मोटरचा आवाज आला, टाकीत धार पडायला लागली. आणि मग, आम्ही चहा घेत होतो तेव्हा, सगळं बंद झालं. कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या घरी लाईट गेली तर दादा "गेली!" म्हणून अशी बोंब ठोकतात की वाटावं कुणी माणूसच गेलं. इथे 'आली'ची बोंब होती, 'गेली'ला आवाजच नव्हता. जे असायचंच नाही, ते गेल्याचं कोण सांगणार?

त्याच रात्री मी साहेबांना सविस्तर मेल लिहिला. प्रश्न उलटा पडतोय, 'येते किती वेळा' असं विचारा, निदान डोंगराकडचे आकडे बाजूला ठेवा. उत्तर नाही. आठ दिवसांनी फोन केला. "मॅडम, मेल पाहिला. बघू," म्हणाले. ह्या 'बघू'चा अर्थ नाशकात काय आणि दिल्लीत काय, एकच असतो.

महिन्याभराने तक्ता आला. हाल जास्त ते लाल, हाल कमी ते हिरवं. तो पाडा हिरवा होता. हिरवागार! 'पुरवठा समाधानकारक' असा शेरा आणि यादीतून नाव बाद. तुलनेसाठी म्हणून शहरातल्या काही वसाहतीही विचारल्या होत्या. त्यातली एक लाल होती, आणि ती कुठली असावी? गंगापूर रोडची माझीच सोसायटी. आमच्या सेक्रेटरींनी कळवळून सांगितलं होतं, उन्हाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा लाईट जाते. जाते ना! पाच-दहा मिनिटांसाठी जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, दादांची मालिका न थांबता चालू राहते. म्हणजे ह्या शहाण्या तक्त्याप्रमाणे तो पंप सुरगाण्याआधी माझ्या सोसायटीला द्यायला हवा होता. आम्ही तो लिफ्टशेजारी बसवला असता आणि त्याला हार घातला असता.

मी दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी मालिकेचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "अगं, मशीन चुकीचं माप दाखवत असेल तर आधी गेज बदलतात. तुमच्यात काय माणसं बदलतात का?" मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझं काम त्यांना कळलं.

यादी मंजूर करायची बैठक नाशकातच होती, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मखमली खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे हवामानाचं चित्र छापलेली पिशवी. साहेब पडद्यावर तक्ता दाखवत होते. हिरवे ठिपके, लाल ठिपके. आणि नेमकं, म्हणजे देवाला काळजी असं म्हणावं अशा नेमक्या वेळी, लाईट गेली. अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, "गेलीऽ!" साहेबही म्हणाले. मग जनरेटर धडधडला, पडदा पुन्हा उजळला.

मी उभी राहिले. "साहेब, आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

"काही नाही, लाईट गेली म्हणालो."

"मघापासून ती होती, तेव्हा का नाही म्हणालात, लाईट आहे, लाईट आहे?"

लोक हसले. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, जाते ती ज्याच्याकडे असते त्याची. तुम्ही हा प्रश्न आपल्या घरातल्या भाषेत विचारलात. जिच्याकडे एकदाच येते ती बाई 'एकदा जाते' असं खरं तेच सांगणार, आणि तुम्ही तिच्या खरेपणावर हिरवा ठिपका लावलात. एक मुलगी तिथे शाळा बुडवून बल्बकडे बघत बसलीय. जूनमध्ये तिची दहावी सुरू होते. पंप आला तर ती परीक्षेला बसेल, नाही आला तर नाही. एवढीच गोष्ट आहे. पाड्याचं नाव यादीत घाला.

साहेबांनी चष्मा काढला. "मुद्दा फार छान आहे, मॅडम. भाषिक आहे. आपण परिशिष्टात टाकू."

"परिशिष्टातून पाणी येतं का हो?"

माझा आवाज चढला होता. सगळे आपापल्या पिशवीवरचं चित्र बघायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, यादी आता बदलली तर सगळे जिल्हे बदला म्हणतील, पुढच्या टप्प्यात नक्की विचार होईल. आणि कुणीतरी दारातून सांगितलं, जेवण तयार आहे. झालं! पनीर टिक्क्यापुढे माझ्या रागाचा काय पाड लागणार? शेजारची एक बाई ताट घेता घेता मला म्हणाली, "तुम्ही फार मनाला लावून घेता." हो, घेते. ह्यात मन लावायचं नाही तर मग काय मिठाई विकायची?

पुढचं वर्ष मी हात धुऊन मागे लागले. मेल, फोन, मुंबईच्या चकरा. माझं नाव निघालं की लोक जरा सरकून बसायचे, 'आली ती जाते-येतेवाली' म्हणायचे, हे मला नंतर कळलं. म्हणू देत. शेवटी प्रश्न बदलला. 'वीज केव्हा येते आणि किती वेळ असते?' पाडा लाल झाला, दुसऱ्या टप्प्यात आला. आणि एका परिषदेत साहेबांनी हेच सगळं 'लोकांकडून शिकताना' ह्या मथळ्याखाली पडद्यावर दाखवलं. सोबत फोटो होता, उंबऱ्यावर बसलेल्या त्या मुलीचा, आमच्याच सर्वेक्षणातला. तिला विचारलं होतं का कुणी? टाळ्या पडल्या. मी ताडकन उठून बाहेर गेले, नाहीतर त्या दिवशी माझी नोकरी गेली असती.

पंप बसला तो दिवाळीनंतर. पहिल्या टप्प्यानंतरचा जून कधीच येऊन गेला होता, त्याच्या पुढचाही. उद्घाटनाला मी गेले. नारळ फुटला, फीत कापली, पॅनेलवर हळदीकुंकू वाहिलं. ऊन होतं आणि टाकीत पाणी पडत होतं, कुणी थाळी न बडवता. चुलतीने माझा हात धरून दोनदा सांगितलं, "लय बरं झालं बाई." झालंच होतं बरं. तेवढंही नाकारायचं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

साहेबही आले होते. म्हणाले, "मॅडम, अहवालात एक ओळ नक्की घाला. पंपामुळे मुलींचा वेळ वाचला."

शेवटच्या घरी मी एकटीच गेले. बल्ब काढून टाकला होता, आढ्याला नुसती वायर लोंबत होती. ती मुलगी आत कपड्यांचं गाठोडं बांधत होती. उंच झाली होती. मला बघून हसली.

"कुठे निघालीस?"

"बागांत. आईबरोबर. आता घरी थांबायची गरज नाय ना."

खाली रस्त्याला जीप उभी होती, टपावर बोचकी चढवणं चालू होतं. मी म्हटलं, अगं, बाहेरून परीक्षा देता येते, सतरा नंबरचा फॉर्म असतो, मी भरते, मी पुस्तकं पाठवते. सगळं एका दमात बोलले. ती समजूतदारपणे ऐकत राहिली, आपण लहान मुलाचं ऐकतो तशी.

"छाटणी उरकली का बघू," म्हणाली.

"पण शाळेतलं नाव? हजेरी?"

"गेलं ना नाव." तिने गाठोड्याची गाठ दातांनी आवळली आणि त्या दिवशीसारखीच खुदकन हसली. "एकदाच गेलं."